माझे स्वस्तातले ड्रिल मशीन दादाला

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढून आता घरी बसलेली बाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोळे शाबूत आहेत आणि हात थरथरत नाही. छातीतली एक झडप मात्र कामचुकार निघाली असून ती येत्या आठवड्यात डॉक्टर बदलणार आहेत. "घाबरू नका, आमचं रोजचं काम आहे," असे ते म्हणाले. मी घाबरलेली नाही. मी त्यांना फक्त विचारले की नवी झडप चांगल्यातली आहे ना, स्वस्तातली तर नाही? ते मोठ्याने हसले. आमच्या घरातले कोणी तिथे असते तर हसले नसते, कारण आमच्याकडे हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि केले असल्यास ते रद्द समजावे. हे वाक्य घालावेच लागते, असे वकीलीणबाईंनी सांगितले. त्यांनी मला थोडक्यात लिहा असेही सांगितले होते. ते मी ऐकले नाही. माझ्या मागे लोक अर्थ काढत बसतील, त्यापेक्षा कारणांसकट सगळे मीच लिहून ठेवलेले बरे.

१. घर. आईवडिलांचे हे घर आम्हा दोघा भावंडांत मधोमध वाटले गेले. डावीकडचा अर्धा भाग माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, आणि उजवीकडचा माझा. माझे यजमान गेल्यावर मी लहानग्या लेकीला घेऊन या भागात राहायला आले, तेव्हा मधली भिंत दादाने स्वतः उभी केली. दादा सुतार आहे. भिंत सलग लाकडी फळ्यांची असून तिच्याजवळ ओळंबा सोडला तर दोरा आणि भिंत यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखीच फट दिसते. इतकी सरळ भिंत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. दादाशी माझे कितीही वाजलेले असले तरी हे मी कमी करून लिहिणार नाही.

माझ्या हक्काचा उजवीकडचा भाग मी माझ्या एकुलत्या एका लेकीला देते. तिने तो ठेवावा, भाड्याने द्यावा किंवा विकावा, तिची मर्जी. अट एकच आहे आणि ती मधल्या भिंतीबद्दल आहे. ती कलम पाचमध्ये येईल, कारण तिथपर्यंतची हकिकत कळल्याशिवाय ती अट वेडेपणाची वाटेल.

२. बँकेतली शिल्लक लेकीला. किती आहे हे तिला ठाऊक आहे. इतरांनी तिला खोदून विचारू नये.

३. दुकानातली हत्यारे आणि घड्याळ. चष्म्याच्या कामाचे माझे छोटे स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि काच घासायची चाके लेकीने ठेवावीत. ही सगळी उत्तम आणि महागडी आहेत. मी ती माझ्या पगारातून घेतली, कारण ती दिवसभर माझ्या हातात असत आणि त्यांच्यावर माझे पोट होते. म्हणजे मी चांगल्या हत्यारांची वैरीण आहे ही जी समजूत भिंतीपलीकडे पसरवण्यात आली आहे, ती खोटी आहे. "तुझा सगळ्यात मोठा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा, तू मला हत्यारं शिकवणार?" असे दादा मला चिडवत असे. तेव्हा बोलत होता म्हणून चिडवतही होता.

दुकानाच्या मालकांनी निवृत्तीच्या दिवशी मला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले होते. ते घरी आणल्यापासून बंदच आहे. मी ते तसेच टांगून ठेवले, कारण त्यासाठी भोक पाडून झाले होते. माझ्या पश्चात ते मालकांना किंवा त्यांच्या वारसांना सन्मानाने परत करावे. सोबत खिळा द्यायची गरज नाही.

४. घरकामाची विजेवरची यंत्रे, आणि त्यांच्यामुळे जे झाले ते. यात चार वस्तू आहेत: एक ड्रिल मशीन, एक जिगसॉ म्हणजे फळी वळणावळणाने कापायची करवत, एक पॉलिश मशीन आणि एक ग्राइंडर, म्हणजे लोखंड घासायचे-कापायचे फिरते चाक. चारही स्वस्तातली. चारही आपल्या गल्लीच्या टोकाशी जे हार्डवेअरचे दुकान आहे तिथून, दुकानातला सगळ्यात खालचा माल दाखवा असे सांगून घेतलेली.

ड्रिल घ्यायची वेळ का आली ते लिहिते. मला एक फळी हवी होती. लेकीची पुस्तके आणि माझे भिंगांचे डबे जमिनीवर होते आणि येताजाता पाय लागायचा. सख्खा भाऊ सुतार, मध्ये फक्त एक भिंत, म्हणून मी त्याला सांगितले.

"करतो गं," दादा म्हणाला. "या रविवारी."

तो रविवार गेला, पुढचाही गेला. प्रत्येक वेळी तेच उत्तर. त्याचा दोष नव्हता म्हणा. लोकांची दारे-खिडक्या करता करता त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला दारे लागली नव्हती. वहिनीने तिथे जुन्या चादरीचा पडदा लावला होता. सुताराच्या घरातली बाई किती सोसते, ते तिला विचारावे. शेवटी एका शनिवारी भिंगाचा डबा लेकीच्या पायाखाली येऊन फुटला आणि मी तडक हार्डवेअरवाल्यांकडे गेले.

त्यांनी मला फसवले नाही, हे इथे नोंदवते. "बाई, घरच्या कामाला हे पुरे," ते म्हणाले. "दिवसभर चालवायचं असेल तर नका घेऊ. गरम झालं की थांबवा, चहा करा, चहा पिऊन पुन्हा चालवा. वॉरंटी सहा महिने. पुढे त्याचं आणि तुमचं नशीब."

त्याच संध्याकाळी दादा आला. त्याने मशीन मेलेला उंदीर धरावा तसे दोन बोटांत उचलले.

"हे काय आणलंस?"

"ड्रिल आहे."

"हे ड्रिल नाही, खेळणं आहे. आणि घेतलंस ते कुणाला विचारून?"

"विचारतच तर होते, दर रविवारी."

हे त्याच्या नाकाला मिरच्यांसारखे झोंबले. जेवायची पाने मांडलेली होती, वहिनी होती, लेक होती, दादाची दोन गिऱ्हाइकेही येऊन बसली होती. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "हत्यार घ्यावं तर जन्माचं घ्यावं. नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याला सांगावं. हा डबा वर्षभर चालला ना, तर मिशी उतरवीन मी!"

त्याच्या मिशीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ती त्याने मिसरूड फुटल्यापासून एकदाही काढलेली नाही. लग्नाच्या फोटोत वहिनीपेक्षा मिशीच जास्त दिसते.

मशीन वर्षभर चालले. मी त्याच्याकडून बेताचे काम घेतले, गरम झाले की थांबले आणि चहा प्यायले. त्या वर्षात माझ्या घरात फळ्या लागल्या, पडद्यांचे दांडे लागले, नळाखालचे कपाट लागले. एकही गोष्ट आजपर्यंत पडलेली नाही. वर्ष भरले त्या दिवशी मी लांब वायर ओढून ड्रिल दादाच्या दारात नेले, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर घर्रर्र करून चालवले आणि विचारले, "वस्तरा आणू का, दादा?"

गिऱ्हाइके हसली. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. दादा हसला नाही. हातातला रंधा खाली ठेवून तो आत निघून गेला आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही.

वर्षे किती झाली ते लिहीत नाही. लेक तेव्हा शाळेत होती, आता तिच्या केसांत पांढरे दिसते. या काळात आमचे सगळे व्यवहार वहिनीमार्फत चालले. भिंतीतून त्याचा खोकला ऐकू येतो, रंध्याचा आवाज ऐकू येतो. वहिनीला, गिऱ्हाइकाला, दारातल्या मांजरालाही तो हाक मारतो, ते ऐकू येते. माझ्या वाट्याला मात्र हाक येत नाही. पैज त्याने लावली होती आणि ती मी जिंकले होते, त्यामुळे माघार घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. पण मला हे सलते. रोज सलते. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून हे लिहिले.

आता यंत्रांची वाटणी, आणि तिच्याबरोबर माझा निकाल. स्वस्तातली यंत्रे घरी घ्यावीत की नाही, यावर आमच्या घरात फार वाद झाला आहे, पण अनुभव फक्त माझ्या गाठीशी आहे. मी आजवर पाडलेली सगळी भोके एकत्र केली तरी दादाच्या एका दिवसाच्या कामाएवढी होणार नाहीत. एवढ्यासाठी कारागिराचे यंत्र घेऊन कपाटात झोपवणे मला पटत नाही. मशीन साधे घ्यावे, पण त्याच्या टोकाला लावायची बिट्स मात्र चांगली घ्यावीत, कारण भिंतीला जाऊन भिडतात ती बिट्स. डब्यात फुकट मिळतात ती बिट्स वांग्यातही नीट जाणार नाहीत.

जिगसॉ जावईबापूंना. तिचे पाते कडेला भरकटते, तेव्हा रेषेच्या थोडे बाहेरून कापावे आणि मग घासून घ्यावे. जावईबापूंनी मागे एक मोठा महागडा संच घेतला आहे, बिनवायरचा, कडक पेटीतला. त्या संचाने त्यांनी आजवर एकच काम केले, ते म्हणजे ती पेटी टांगायला भिंतीत हूक बसवला. मला ते आवडतात. म्हणूनच त्यांना असे यंत्र देते आहे, जे बिघडेल या भीतीने जपून ठेवावेसे वाटणार नाही.

पॉलिश मशीन लेकीला. आवाज फार करते, काम बरे करते.

ग्राइंडर कोणालाही देत नाही. त्याचे चाकावरचे झाकण दुसऱ्याच वापरात तडकले आणि एक तुकडा माझ्या चष्म्याच्या काचेवर येऊन आपटला. काच मीच बसवलेली होती म्हणून डोळा वाचला. त्या दिवशी मी त्याची वायर कापून टाकली. वहिनीमार्फत पलीकडून निरोप आला होता, "तिला सांग, ग्राइंडर आणि मोठी करवत स्वस्तातली घ्यायची नसते." तो निरोप ग्राइंडर फुटण्याच्या आधी आला होता. याबाबतीत दादाचे म्हणणे बरोबर होते. हे वाक्य या कागदात एकदाच येईल, तेव्हा त्याने ते नीट वाचून घ्यावे.

थोडक्यात माझा निकाल असा: जे यंत्र बिघडले तर नुसते काम अडेल, ते खुशाल स्वस्तातले घ्या. जे बिघडले तर बोट जाईल, ते चांगले घ्या, नाहीतर दादाला सांगा आणि रविवारची वाट पाहा.

५. मधल्या भिंतीतले स्क्रू. अबोला सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मी मधल्या भिंतीवर भिंगांच्या वाढलेल्या डब्यांसाठी आणखी एक लांब फळी लावली. ही भिंत सोडून घरातल्या सगळ्या भिंती विटांच्या आहेत, त्यामुळे मी हिशोब विटांचाच धरला: लांबातले लांब बिट आणि लांबातले लांब स्क्रू. लाकडी भिंत तीन बोटे जाड आहे हे ध्यानातच आले नाही. बिट लोण्यात गेल्यासारखे गेले. मी स्वतःवर खूश झाले. चार स्क्रू घट्ट पिळले, फळी बसवली, डबे मांडले. तिसरा स्क्रू जरा खाली गेल्याने फळी तिथे किंचित उतरली आहे, पण डबे घरंगळत नाहीत.

चारही स्क्रूंची टोके पलीकडे दादाच्या खोलीत निघाली होती, हे मला कळलेच नाही. बोलत असता तर त्याने घर डोक्यावर घेतले असते. बोलत नव्हता, त्यामुळे त्याला भांडताही येईना.

पुढे कधीतरी मी फळी पुसायला काढली. पहिला स्क्रू बाहेर आला आणि पलीकडे धप्पकन काहीतरी पडले. पाठोपाठ दादाचा आवाज आला, "आई गं!" मी स्क्रू हातात धरून उभी राहिले. मग तो आल्या वाटेने पुन्हा पिळून बसवला. थोड्या वेळाने पलीकडून भिंतीवर काहीतरी टांगल्याचा हलका आवाज आला. मला त्याचा अर्थ लागला नाही, आणि विचारायचे कोणाला?

अर्थ लागला तो वहिनीचा पाय मोडला तेव्हा. दादा लाकूड आणायला बाहेरगावी गेला होता, म्हणून मी तिला जेवण द्यायला गेले. त्याच्या खोलीत मी इतक्या वर्षांत पाऊल टाकले नव्हते. समोर मधली भिंत होती आणि तिच्यावर एका ओळीत चार लाकडी खुंट्या होत्या. चांगल्या लाकडाच्या, गोल घोटलेल्या, पॉलिश केलेल्या. एकीवर त्याची टोपी, एकीवर कामाचा सदरा, एकीवर ओळंबा, आणि शेवटच्या खुंटीवर त्याची पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल. माझ्या बाजूने मोजली तर तिसरी खुंटी जरा खाली होती.

"वन्सं, तुमचेच स्क्रू आहेत ते," वहिनी पडल्या पडल्या म्हणाली. "टोकं बाहेर आली होती. यांनी त्यांवर खुंट्या बसवल्या."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हटलं होतं यांना, टोकं कापून टाका, येताजाता कपडे अडकतात. तर म्हणाले, कापली तर पलीकडची फळी सैल होईल. तिची भिंगं पडतील."

टोके कापल्याने फळी सैल होत नाही. हे मला कळते, मग दादाला कळत नसेल का? आणि ज्याच्या डोळ्याला सुताएवढा तिरकेपणा खपत नाही, तो इतकी वर्षे रोज सकाळी वाकड्या ओळीवरून आपली लेव्हल उचलतो आणि संध्याकाळी तिथेच टांगतो. मी जेवणाचा डबा ठेवून घरी आले. त्या दिवशी मला रडू आले, आणि ते झडपेमुळे नव्हते, झडप तेव्हा ठणठणीत होती.

सबब लेकीला आणि तिच्यानंतर येणाऱ्या कोणालाही मी बांधून घालते की, दादा हयात असेपर्यंत मधल्या भिंतीतले चार स्क्रू काढू नयेत, कापू नयेत, बदलू नयेत. घर विकल्यास ही अट खरेदीखतात घालावी. विकत घेणाऱ्याने कारण विचारले तर त्याला हे कलम वाचायला द्यावे.

६. ड्रिल मशीन. वर सांगितलेले ड्रिल मशीन, जे आजही चालू स्थितीत आहे, ज्याचे कार्बन, म्हणजे मोटरीतले झिजणारे तुकडे, मी एकदा बदलले असून ज्याची बिट आवळायची चावी हरवू नये म्हणून वायरला सुतळीने बांधलेली आहे, ते मी माझ्या थोरल्या भावाला, दादाला देते. त्याने ते फेकून देऊ नये, कोणाला देऊन टाकू नये. त्याच्या हत्यारांच्या कपाटात, महागड्या यंत्रांच्या मधोमध, दार उघडताच दिसेल असे ठेवावे. येणाऱ्याजाणाऱ्याने हे कोणाचे म्हणून विचारले तर खरे सांगावे.

वकीलीणबाई इथे म्हणाल्या, "अहो, त्यांना नकोसं झालं तर?"

"नको म्हणायची सोय आहे का कायद्यात?"

त्यांनी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक माझ्या कानात घर करून बसली. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राखाली काही मिळू शकत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. दिलेले असले तरी ते रद्द ठरते.

"म्हणजे दादानं साक्षीदार म्हणून सही केली, तर ड्रिल त्याच्या गळ्यात पडणार नाही?"

"नाही पडणार."

"आणि सही कुठे करायची असते?"

"तुमच्यासमोर. तुम्ही सही करताना त्यांनी बघायचं आणि मग त्यांनी करायची."

"माझ्यासमोर म्हणजे इथे? भिंतीच्या या बाजूला?"

वकीलीणबाई हुशार आहेत. त्यांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. तो चष्मा मीच बनवून दिलेला आहे.

तेव्हा या कलमाचा उत्तरार्ध असा: दादाने साक्षीदार म्हणून सही केल्यास ड्रिल लेकीला जाईल. वहिनीला माझे हस्तिदंती मुठीचे मोठे भिंग द्यायचे होते, ते मी कागदात न घालता कालच तिच्या हातात दिले, म्हणजे नवऱ्याच्या सहीपायी तिचे नुकसान व्हायला नको. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही फार पोचलेल्या आहात." मला ते मान्य आहे.

७. साक्षीदार. या कागदाची एक प्रत वहिनीमार्फत पलीकडे पाठवली आहे. सही शनिवारी दुपारी माझ्या घरी, भिंगांच्या फळीखालच्या टेबलावर होईल. पहिले साक्षीदार हार्डवेअरवाले. त्यांना मी काही दिलेले नाही, त्यांनी मला आधीच पुरेसे विकले आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवली आहे. दादा न आल्यास वकीलीणबाईंचे कारकून सही करतील आणि कायद्याचे काम भागेल. माझे भागणार नाही. सोमवारी मला भूल देतील. डोळे मिटण्याआधी, मग ते थोड्या वेळासाठी असोत की कायमचे, मला दादाला या बाजूला पाहायचे आहे. एवढे सगळे लिहिले ते खरे तर या एका ओळीसाठी.

तो येईल. मी त्याला जन्मापासून ओळखते. बहिणीच्या मायेने येईल की नाही ते सांगत नाही, पण त्या ड्रिलला कपाटात जागा द्यायची नाही म्हणून नक्की येईल.

८. शनिवारी, सही करण्याआधी, वकीलीणबाईंच्या परवानगीने जोडलेला मजकूर. सगळे जमले होते. कारकूनही पेन घेऊन बसले होते. दारातून वहिनी काठी टेकत आली. तिच्यामागे दादा आला. त्याला पाहून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्याचे कारण वकीलीणबाईंनी खाली नोंदवले आहे.

तो माझ्याकडे न बघता थेट फळीपाशी गेला. तिच्यावरून त्याने हात फिरवला.

"वाचलं मी सगळं," तो फळीला म्हणाला. "ते खेळणं माझ्या कपाटात नको."

"मग सही कर."

"कुठे?"

"इथे."

त्याने टेबलावर हात ठेवला आणि पुन्हा उचलला. "टेबल हलतंय."

"मीच केलंय ते."

"ते कळतंय." तो खाली वाकला, खिशातून लाकडाची चपटी ढलपी काढली, पायाखाली सरकवली, टेबल दाबून पाहिले. मग उठला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

"बारके," तो म्हणाला. या नावाने मला हाक मारणारे आता तेवढे एकच माणूस उरले आहे. "तिसरा स्क्रू खाली गेलाय तुझा."

"माहितीये मला."

"सरळ करतो गं. रविवारी."

"उद्याच्या?"

"छे. उद्या कसली घाई," दादा म्हणाला. "तू घरी परत आल्यावरच्या रविवारी. तू नसताना तुझ्या भिंतीला हात लावणार नाही मी."

मी म्हटले, वाट पाहीन. त्या शब्दाला जागण्याचा माझा पूर्ण विचार आहे, हे डॉक्टरांनाही कळवावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली. टेबल हलले नाही.

स्थळ: मधल्या भिंतीच्या उजवीकडे, भिंगांच्या फळीखाली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार

(सही) मृत्युपत्र करणारी

(सही) साक्षीदार पहिले: हार्डवेअरचे दुकानदार. शेरा: ड्रिल दाखवण्यात आले, चालू आहे. वॉरंटी संपलेली आहे.

(सही) साक्षीदार दुसरे: मृत्युपत्र करणारीचे थोरले बंधू, व्यवसाय सुतारकाम. कलम सहामधील ड्रिल मशीनवर यांचा हक्क राहत नाही, हे त्यांना समजावून सांगितले. समाधान व्यक्त केले.

वकिलांची नोंद: साक्षीदार दुसरे यांची ओळख पटवताना त्यांच्या ओळखपत्रावरील छायाचित्रात भरघोस मिशी आढळते, प्रत्यक्षात मिशी नाही व त्या जागी वस्तऱ्याचा ताजा ओरखडा आहे. इसम तोच असल्याची खात्री मृत्युपत्र करणारीने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून स्वतः करून दिली.